वॅक्स करूनही बोर्ड रखडतो: दोष वॅक्सचा, इस्त्रीचा की हाताचा?

स्नोबोर्ड किंवा स्की बर्फावर नीट घसरावी म्हणून तिच्या तळाला इस्त्रीने वॅक्स, म्हणजे खास मेण, लावतात. ते घरी लावूनही बोर्ड रखडत असेल तर आधी लक्षणं. यातलं तुमच्याकडे काय दिसतं ते नीट पाहा, कारण पुढची तपासणी त्यावरच ठरते.

- वॅक्सची वडी इस्त्रीला टेकवली की लगेच धूर निघतो आणि घशाला झोंबणारा वास येतो.
- थेंब छान पडतात, पण इस्त्री पुढे सरकताच मागचं वॅक्स गोठून पांढरट होतं. खरवडताना त्याचे पापुद्रे निघतात.
- बोर्डाच्या पहिल्या अर्ध्या भागात वॅक्स पाण्यासारखं पसरतं, दुसऱ्या अर्ध्यात इस्त्री ओढावी लागते.
- वितळलेल्या वॅक्समध्ये तपकिरी-काळे कण दिसतात.
- डोंगरावर पहिल्या दोन-तीन फेऱ्या बोर्ड चिकटल्यासारखा चालतो, मग सुटतो. किंवा उलट: सकाळी मस्त पळतो आणि दुपारपर्यंत मंदावतो.
- एका दिवसातच एजला (कडेच्या धातूच्या पट्टीला) लागून बेस, म्हणजे बोर्डाचा तळ, पांढरा आणि केसाळ होतो.
- बेसवर चकचकीत पट्टे उमटलेत, तिथे वॅक्स धरतच नाही. बाइंडिंगच्या (बूट अडकवायच्या पकडीच्या) स्क्रूंखाली खळगे दिसतात.

मी न्यू जर्सीत राहतो. इथली बरीच मराठी कुटुंबं आता भाड्याचे बोर्ड सोडून स्वतःचे वापरतात. शनिवारी कॅमलबॅक किंवा माउंटन क्रीक, जोडून सुटी आली तर हंटर, नाहीतर थेट व्हर्माँटमधलं किलिंग्टन. परतल्यावर त्यातले अनेक बोर्ड आणि स्की माझ्या टेबलावर येतात आणि गाऱ्हाणं बहुतेक एकच असतं: घरी वॅक्स केलं, रखडला, पुन्हा केलं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्यावर पहिला प्रश्न येतो, ‘कोणती इस्त्री घेऊ?’ माझं म्हणणं असं की इस्त्री सर्वांत शेवटी घ्या. आधीच्या तपासण्या फुकट आहेत, आणि नवी इस्त्री लागते का, लागली तर कशी, हेही त्यांतूनच कळतं.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल. बोर्डाचा बेस म्हणजे अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन. त्याचा वितळणबिंदू १३० ते १३६ अंश सेल्सियसच्या आसपास. वॅक्स त्याच्या कितीतरी आधी वितळतं, पण नुसतं वितळून भागत नाही. बेसमधल्या सैल रचनेच्या भागांत ते मुरायला हवं आणि मुरायला उष्णता व वेळ दोन्ही लागतात. पाकिटांवर इस्त्रीचं तापमान साधारण ११० ते १५५ अंशांच्या दरम्यान दिलेलं असतं. ऊबदार बर्फाच्या मऊ वॅक्सला कमी, कडक थंडीच्या कठीण वॅक्सला जास्त. म्हणजे इस्त्री कधी कधी बेसच्या वितळणबिंदूपेक्षाही गरम असते. तरी बेस वाचतो, कारण मध्ये वितळलेल्या वॅक्सचा थर असतो आणि इस्त्री थांबत नाही. यातली एक गोष्ट चुकली की बेस जळतो. आणि इस्त्री स्वतःच वीस-तीस अंश वरखाली करत असेल, तर एकाच फेरीत एका जागी वॅक्स गोठेल आणि पुढच्या जागी बेस भाजेल.

पाकीट वाचा

सगळ्यांत स्वस्त तपासणी ही. पाकिटावर दोन वेगवेगळी तापमानं असतात: हे वॅक्स किती थंड बर्फासाठी आहे ते, आणि इस्त्री किती गरम ठेवायची ते. लोक यांची सर्रास गल्लत करतात. शिवाय एक आकडा सेल्सियसमध्ये वाचायचा आणि इस्त्रीची तापमानाची चकती फॅरनहाइटमध्ये फिरवायची, असंही होतं. १२० सेल्सियस म्हणजे २४८ फॅरनहाइट आणि १४० म्हणजे २८४. हे दोन आकडे टेबलासमोरच्या भिंतीवर लिहून ठेवा.

सकाळी पळणारा बोर्ड दुपारी मंदावला तर इस्त्रीवर संशय घेण्याआधी हवामान आठवा. थंड कोरड्या बर्फाचे स्फटिक टोकदार असतात, मऊ वॅक्समध्ये ते रुततात आणि बोर्ड अडतो. उलट दुपारी बर्फाला पाणी सुटलं की कठीण वॅक्स कमी पडतं आणि ओल्या काचांसारखी चिकट ओढ जाणवते. पोकोनोज आणि कॅट्सकिल्स या इथल्या जवळच्या डोंगरांमध्ये बराचसा बर्फ यंत्राने पाडलेला असतो. त्याचे कण बारीक, कठीण आणि घासणारे असतात. एजजवळची पांढरी केसाळ पट्टी बहुतांश वेळा या घर्षणाची असते, इस्त्रीने जळल्याची नसते. वळताना सगळा भार तिथेच येतो. अशा ठिकाणी जात असाल तर थंडीच्या बाजूचं कठीण वॅक्स घ्या, एजच्या पट्ट्यांना दोनदा लावा आणि बाहेर पडण्याआधी दर वेळी लावा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

घरात जुन्या, फ्लोरीनयुक्त वॅक्सच्या वड्या असतील तर त्या बाजूला काढा. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांमध्ये फ्लोरीन वॅक्सवर पूर्ण बंदी घातली आहे. घरी तर त्याचं कामच नाही. ते जास्त तापलं की निघणारे वायू फुप्फुसांना खरोखर घातक असतात, आणि तळघरात बॉयलरची ज्योत जळत असेल तर धोका आणखी वाढतो. कचऱ्यात टाकू नका. आपल्या काउंटीच्या घातक कचरा संकलनाला द्या.

खरवडणं आणि ब्रश

‘पहिल्या दोन-तीन फेऱ्या चिकटतो, मग सुटतो’ याचं उत्तर जवळपास नेहमी एकच असतं: वॅक्स पुरेसं खरवडलेलं नाही. वरचं वॅक्स बर्फानेच खरवडून काढलं, म्हणून बोर्ड सुटला. काम करतं ते बेसमध्ये मुरलेलं वॅक्स. वरचा थर केवळ ओझं.

बोर्ड निदान अर्धा तास, जमलं तर तास-दीड तास घरातल्या हवेवर निवू द्या. लवकर व्हावं म्हणून बाहेर बर्फात ठेवू नका. बेस अचानक आकसतो आणि मुरलेलं वॅक्स बाहेर ढकलतो. मग प्लास्टिकच्या स्क्रेपरने नाकापासून शेपटीकडे, काहीच निघेनासं होईपर्यंत खरवडा. स्क्रेपरची धार बोथट झाली तर नुसते हात दुखतात. सपाट लाकडावर बारीक सँडपेपर ठेवून कडा सरळ करून घ्या. त्यानंतर ब्रश, आधी पितळी आणि शेवटी नायलॉनचा. बेसवर ज्या बारीक रेघा कोरलेल्या असतात त्या पाण्याला वाट करून देतात, आणि वॅक्सने बुजल्या तर ओल्या बर्फात बोर्ड चिकटतो. ब्रश मारल्यावर त्या रेघा उजेडात तिरकं पाहिल्यास दिसायला हव्यात.

बोर्ड थंड आहे का, ओला आहे का

इस्त्री पुढे जाताच वॅक्स गोठतं, हे लक्षण घेऊन येणाऱ्यांना मी आधी विचारतो की वॅक्स कुठे करता. उत्तर येतं: गराजमध्ये. जानेवारीत इथल्या गराजचं तापमान शून्याजवळ असतं. तितक्याच थंड बोर्डावर वॅक्स टाकलं की त्यातली उष्णता बोर्ड तत्क्षणी शोषून घेतो. माणूस मग चकती वाढवतो, धूर येतो, आणि इस्त्री खराब आहे असा निष्कर्ष निघतो. इस्त्री ठीक होती, जागा चुकली होती.

बोर्ड आदल्या रात्री घरात आणून ठेवा. थंड बोर्ड ऊबदार खोलीत आणला की त्यावर दव धरतं, म्हणून तो पुसून आणि पूर्ण वाळवूनच सुरुवात करा. ओल्या बेसवर वॅक्स बसत नाही, वाफेचे बुडबुडे येतात. खोली साधारण २० अंशांवर असावी, खिडकी बोटभर उघडी असावी आणि पंखा हवा बाहेर फेकणारा असावा.

स्नोबोर्ड असेल तर बाइंडिंग काढा, निदान सगळे स्क्रू सैल करा. बोर्डात बसवलेल्या धातूच्या पेचजागा उष्णता धरून ठेवतात. स्क्रू घट्ट असतील तर तापलेला बेस त्या जागी वर ओढला जातो आणि खळगे पडतात. पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

इस्त्रीचा तळ

तपकिरी-काळे कण म्हणजे आधीचं जळलेलं वॅक्स किंवा कपड्यांची करप. इस्त्री कोमट करा, मऊ सुती कापडाने पुसा. चिकटून राहिलेलं निघत नसेल तर थोडं वॅक्स वितळवून पुन्हा पुसा. सुरीने किंवा तारेच्या घासणीने घासू नका. तळावर ओरखडा पडला की त्याची रेघ बेसवर उमटते.

वाफेची इस्त्री वापरत असाल तर तिच्या छिद्रांमध्ये वॅक्स शिरतं आणि तिथेच करपत राहतं. टाकीत पाण्याचा थेंब राहिला असेल तर तो नेमका वॅक्सवर गळतो. शिवाय छिद्रांखाली धातू नसल्यामुळे तिथे उष्णता पोचत नाही. आणि एकदा वॅक्स लागलेली इस्त्री पुन्हा कपड्यांना लावायची नाही. सदऱ्यावर उमटलेला वॅक्सचा डाग जाता जात नाही.

प्लग, वायर आणि आपोआप बंद होणं

ही तपासणी लोक विसरतात, म्हणून इथे थोडा थांबतो.

हल्लीच्या घरगुती इस्त्र्या सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतात. आडव्या स्थितीत अर्धं मिनिट हलल्या नाहीत की बंद, उभ्या ठेवल्या तर आठ-दहा मिनिटांनी बंद. तुम्ही वॅक्सचे थेंब टाकत असता तेव्हा इस्त्री एका जागी उभी धरलेली असते. तिला वाटतं कोणी नाही. पहिला अर्धा बोर्ड चांगला आणि दुसरा अर्धा घट्ट, हे लक्षण बऱ्याचदा इथून येतं. दिवा लुकलुकतोय का पाहा, बीप वाजतो का ऐका.

दुसरं म्हणजे एक्स्टेन्शन कॉर्ड. लांब आणि बारीक वायर असली की विजेचा दाब (व्होल्टेज) वाटेतच पडतो आणि इस्त्री सावकाश तापते. गुंडाळलेल्या वायरीतून मोठा प्रवाह गेला तर ती वायर स्वतः तापते. वायर हाताला गरम लागली तर ताबडतोब काढा. शक्य असेल तर इस्त्री थेट भिंतीच्या सॉकेटला लावा.

तिसरं खास आपल्या लोकांसाठी. भारतातून आणलेली जुनी, जाड तळाची, वाफ नसलेली इस्त्री वॅक्ससाठी उत्तम असेल असं अनेकांना वाटतं. तळ खरंच चांगला असतो, पण ती २३० व्होल्टची आहे आणि अमेरिकेत १२० व्होल्ट मिळतात. शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून १००० वॉटची इस्त्री इथे जेमतेम २७० वॉट देते. ती तापेल, पण थंड बोर्डावर टेकली की गारठेल आणि पुन्हा सावरायला मिनिटं लागतील. अडॅप्टरने फक्त पिनांचा आकार बदलतो, दाब बदलत नाही. उलटा प्रकार जास्त धोक्याचा: गुलमर्गला जाताना इथली १२० व्होल्टची इस्त्री बॅगेत टाकली आणि तिथल्या २३० व्होल्टला लावली, तर साडेतीन पटींहून अधिक शक्ती ओढून ती जळू शकते. इस्त्रीच्या पाटीवर ‘१०० ते २४०’ असं छापलं नसेल तर ती दुसऱ्या खंडात नेऊ नका.

हात कसा फिरतो

इस्त्री बोर्डाच्या लांबीने, एका दिशेने, न थांबता फिरवा. तिच्यामागे ओल्या, चकाकणाऱ्या वॅक्सची शेपटी दिसते ती पाहा. पाच ते दहा सेंटिमीटरची शेपटी असेल तर वेग बरोबर आहे. शेपटीच नाही, तर तुम्ही घाई करताय किंवा इस्त्री थंड आहे. शेपटी हातभर लांब झाली, तर उष्णता जास्त होतेय.

दुसरी खूण तळहाताची. इस्त्री जिथून नुकतीच गेली तिथे बोर्डाच्या चित्राच्या बाजूला हात लावा. कोमट लागलं तर ठीक. गरम लागलं तर थांबा आणि बोर्ड निवू द्या. बेसखाली फायबरग्लास आणि लाकूड चिकटवलेलं असतं, तो गोंद तापून सैल पडायला नको. मुलांच्या स्की पातळ आणि अरुंद असतात, त्यांना एका फेरीतच पुरे होतं. रुंद स्नोबोर्डाला दोन-तीन समांतर पट्ट्यांत जावं लागतं, आणि पट्टे जिथे एकमेकांवर येतात तिथे उष्णता दुप्पट पोचते हे ध्यानात ठेवा.

वॅक्स काटकसरीने टाकणं इथे महाग पडतं. कोरड्या बेसवर गरम धातू टेकला की चकचकीत पट्टा उमटतो. म्हणजे बेसचा पृष्ठभाग वितळून बंद झाला, आता तिथे वॅक्स मुरणार नाही. हात बसला नसेल तर पहिल्या हंगामात वॅक्स सढळ वापरा.

इस्त्रीचं तापमान मोजणं

इथवर सगळं ठीक असेल आणि तरीही कधी धूर, कधी गोठणं असा लपंडाव चालू असेल, तर आता इस्त्रीवर संशय घ्यायला हरकत नाही.

साध्या इस्त्रीत तापमान राखणारी दोन धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर ती वाकते आणि संपर्क तोडते, निवल्यावर सरळ होऊन पुन्हा जोडते. टक् असा आवाज येतो तो याचाच. तोडण्याच्या आणि जोडण्याच्या तापमानात अंतर असतं, त्यामुळे तळ सतत वरखाली होत राहतो. पहिल्यांदा तापताना तर इस्त्री ठरलेल्या आकड्याच्या बरीच वर जाते. म्हणून लगेच कामाला लागू नका. दिवा निदान तीनदा बंद-चालू होऊ द्या.

घरगुती इस्त्रीवर अंश नसतात, ठिपके असतात. कपड्यांच्या लेबलवरच्या खुणांप्रमाणे एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त ११० अंश, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २००. तुमचं वॅक्स म्हणतं १२० किंवा १३०. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या ठिपक्याच्या मध्ये कुठेतरी, अंदाजाने. तीन ठिपक्यांपाशी वॅक्सचं काम कधीच नाही.

मोजायचं कसं? दुरून लाल ठिपका टाकणारा इन्फ्रारेड तापमापक चकचकीत धातूवर चुकीचा, बहुधा बराच कमी आकडा दाखवतो. गुळगुळीत धातू उष्णतेचं प्रारण, म्हणजे न दिसणारे किरण, फार थोडं सोडतो, आणि तापमापक तर प्रारणच मोजतो. त्या आकड्यावर विसंबून चकती वाढवली तर बेस जळणार. त्याऐवजी तापमान मोजणारी तार, म्हणजे थर्मोकपल, जोडता येईल असा साधा मल्टिमीटर वापरा. लाकडी फळीवर घडी केलेलं सुती कापड ठेवा, त्यावर तारेचं टोक, त्यावर वॅक्सचा एक थेंब आणि वर इस्त्री. दहा मिनिटं तापू द्या. मग पाच मिनिटं दर १५ सेकंदांनी आकडा लिहा. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा घ्या. मधला आकडा चकतीपेक्षा वेगळा आला तर काळजी नको, चकतीवर मार्करने नवी खूण करा आणि काम संपलं. महत्त्वाचं आहे ते दोन टोकांमधलं अंतर. माझा हिशेब असा: १० अंशांच्या आत असेल तर कोणतंही वॅक्स लावा. २० पर्यंत असेल तर फक्त सर्वसाधारण, कमी तापमानाचं वॅक्स. त्यापुढे असेल तर ती इस्त्री बेसवर आणू नका.

अधूनमधून इस्त्रीची टोकं आणि मध्य वेगवेगळेही मोजा. पातळ तळाच्या इस्त्रीत हीटरच्या रेषेवर एक आकडा आणि टोकाला दुसरा येतो.

मग कोणती इस्त्री घ्यायची

आता हा प्रश्न योग्य जागी आला. वॉट किती, रंग कोणता, आकडे दाखवणारा पडदा आहे का, हे नंतर. पहिला निकष तळाची जाडी. बिडाच्या जाड तव्यावर भाकरी टाकली तरी तो गार पडत नाही, पातळ तव्याचं तसं नसतं. इस्त्रीचंही तेच. थंड बोर्ड उष्णता ओढतो तेव्हा जाड तळ साठ्यातून देतो आणि तापमान फारसं हलत नाही. जास्त वॉटची पण पातळ तळाची इस्त्री पटकन तापते आणि पटकन पडते. दुकानात हातात घेऊन पाहा: जड असावी, तळ एकसंध ॲल्युमिनियमचा असावा, छिद्रं नसावीत, कडांना किंचित उतार असावा म्हणजे वॅक्स पुढे सरकेल आणि कडा बेसवर घासणार नाही.

दुसरा निकष: चकतीवर ठिपके नकोत, अंश हवेत.

तिसरा निकष डिजिटल की साधी. डिजिटल इस्त्री तळाजवळच्या संवेदकाकडून तापमान सतत वाचते आणि हीटरला थोडीथोडी वीज देते, त्यामुळे चढउतार खूप कमी होतो. पण किंमत साध्या वॅक्सच्या इस्त्रीच्या दुपटी-तिपटीने जाते. सर्वसाधारण वॅक्स, हंगामात मोजक्या वेळा आणि घरचे दोन-तीन बोर्ड, एवढंच असेल तर साधी, जाड तळाची, अंशांची चकती असलेली इस्त्री पुरते. कडक थंडीचं १४०-१५० अंशांचं वॅक्स वापरणार असाल, किंवा मूल शर्यतींमध्ये उतरत असेल आणि आठवड्याला चार-सहा जोड्या करायच्या असतील, तर डिजिटल घ्या. वरच्या तापमानाला चुकायला जागाच उरत नाही, तिथे पैसे वाचवू नका.

प्रवासी छोट्या इस्त्र्या स्कीला चालतात, रुंद स्नोबोर्डाला त्यांची दमछाक होते. जुनी वापरलेली इस्त्री मिळत असेल तर तळ सपाट आहे का ते पाहा: सरळ पट्टी उभी ठेवा, खालून उजेड दिसला तर नको. आणि वर्षातून एकदाच जाणाऱ्यांनी इस्त्री घेऊच नये. दुकानात वॅक्स करून घ्या.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

पुढच्या गोष्टी घरी करू नका.

बेसवर चकचकीत बंद पट्टे असतील, किंवा एजला लागूनची पांढरी पट्टी दोन-तीनदा कठीण वॅक्स लावूनही परत येत असेल, तर दगडी यंत्रावर बेस घासून घ्यावा लागतो. सँडपेपरने घरी प्रयत्न केला तर बेस उंचसखल होतो. पण दर घासणीत थोडा बेस जातो आणि तो मुळातच दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणून दुकानदाराला आधी विचारा की बेस किती उरलाय.

बेसवर आडवी सरळ पट्टी ठेवून उजेडात पाहा. एज उंच आणि मधला भाग खोल दिसला, किंवा उलट, तर तेही यंत्राचंच काम आहे. बेस फुगला असेल, बोटाने दाबल्यावर खाली पोकळ वाटत असेल, एज सुटली असेल, किंवा ओरखड्यातून आतलं लाकूड दिसत असेल, तर त्यावर वॅक्स लावूच नका. भेगेत वॅक्स गेलं की पुढे गोंद धरत नाही आणि दुरुस्ती अवघड होते. स्क्रूंखालचे उथळ खळगे मात्र तसेच सोडले तरी चालतात. ते सपाट करायच्या नादात चांगला बेस घासला जातो.

दुकानात देताना नुसतं ‘ट्यून करा’ म्हणू नका. कुठल्या डोंगरावर जाता, कोणतं वॅक्स, इस्त्री किती अंशांवर होती आणि लक्षण नेमकं कधी दिसतं, एवढं चिठ्ठीवर लिहून बोर्डाला चिकटवा. चांगला तंत्रज्ञ त्यावरूनच अर्धं निदान करतो.

आणि इस्त्रीबद्दल. हाताला झिणझिण्या आल्या, प्लग काळा पडला, वायरीचं आवरण फाटलं, ठिणगी दिसली किंवा चकती शून्यावर आणूनही तळ तापतच राहिला, तर त्या क्षणी प्लग काढा. महागडी डिजिटल इस्त्री असेल तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे पाठवा. आतला उष्णतेचा फ्यूज उडाला असेल तर तो ओलांडून तार जोडण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. तो फ्यूज घराला आग लागू नये म्हणून असतो. साधी इस्त्री असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. तिची वायर मुळाशी कापून टाका, म्हणजे दुसरं कोणी ती उचलून लावणार नाही, आणि विजेच्या वस्तूंच्या कचऱ्यात द्या.